शाळाच गेली मुलांच्या अंगणात! आठवण अनुताई वाघ यांची

तुम्ही इंदूरला राहत असा, बडोद्याला, बेळगावला किंवा हैदराबादला, तुमच्या घराच्या आसपास एक शब्द नक्की लिहिलेला सापडेल. लिपी वेगळी असेल, उच्चार थोडा बदलला असेल, पण शब्द तोच: अंगणवाडी.

आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असते. दाराबाहेर छोट्या छोट्या चपला, आतून येणारा गाण्याचा आवाज, भिंतीवर आंबा, पोपट आणि हत्तीची चित्रं. कुणी तिथे बाळाचं वजन करायला जातं, कुणी लसीकरणाची चौकशी करायला. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. पण हा शब्द कुठून आला, असा विचार कधी केलाय का तुम्ही? वाडी म्हणजे बाग, हे ठीक. पण शाळेच्या नावात अंगण कशाला?

याचं उत्तर महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, समुद्राजवळच्या एका गावात आणि तिथून जवळच असलेल्या एका टेकडीवर मिळतं. गावाचं नाव बोर्डी, टेकडी कोसबादची. आणि या गोष्टीत दोन शिक्षिका आहेत. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ. आज आठवण काढूया ती मुख्यतः अनुताईंची. कारण ताराबाईंनी जे स्वप्न पाहिलं, त्यासाठी अनुताईंनी आयुष्याची ४७ वर्षं दिली.

तेराव्या वर्षी लग्न आणि वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकातला पहिला गणपती जिथे आहे, तेच हे मोरगाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि काही महिन्यांतच पती वारले.

तेरा वर्षांची मुलगी म्हणजे आज आपल्या घरातली सातवी-आठवीतली मुलगी. त्या काळात या वयात विधवा झालेल्या मुलीचं पुढचं आयुष्य बहुतेक वेळा ठरून गेलेलं असायचं. घराचा एक कोपरा, स्वयंपाकघर आणि इतरांची मुलं सांभाळणं.

अनुताईंच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण त्यांची शाळा सुटली नाही. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा पास झाल्या. ही तेव्हाची मराठी शाळेची शेवटची परीक्षा. मग पुण्यात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि १९२९ पासून नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात प्राथमिक शाळेत शिकवायला लागल्या. वय वर्षं १९. चार वर्षांनी त्या पुण्याला परतल्या आणि हुजूरपागेच्या शाळेत शिक्षिका झाल्या.

पुण्यातली नामांकित शाळा, हातात नोकरी. इथे कुणीही म्हटलं असतं, झालं की आता सगळं नीट! पण अनुताईंना पुढे शिकायचं होतं. दिवसा त्या वर्गात शिकवायच्या आणि रात्री स्वतः रात्रशाळेच्या बाकावर विद्यार्थिनी म्हणून बसायच्या. १९३७ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या मॅट्रिक झाल्या. आणि बी.ए.? ती पदवी त्यांनी १९६१ मध्ये मिळवली. तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या.

ही तारीख पुढे वाचताना लक्षात ठेवा. कारण शिकायची इच्छा असूनही परिस्थिती आड येते म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. पुढे शाळेत न येणाऱ्या मुलांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिथूनच आली असावी.

ताराबाई भेटल्या आणि पुणं सुटलं

आता थोडं ताराबाईंविषयी. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, म्हणजे त्या अनुताईंपेक्षा १८ वर्षांनी मोठ्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. काही वर्षं त्यांनी राजकोटला शिक्षिकांच्या प्रशिक्षण संस्थेत काम केलं आणि मग १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबत कामाला लागल्या.

आपल्या गुजरातमधल्या वाचकांना गिजुभाई कोण हे सांगायला नको. वकिली सोडून ते लहान मुलांचे शिक्षक झाले. लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणजे ‘मिशाळ आई’ म्हणायचे. मुलांना मारायचं नाही, घाबरवायचं नाही, हाताने काम करत, खेळत शिकू द्यायचं, हा त्यांचा आग्रह. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी आपल्या मातीत आणली. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

पुढे ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शाळा छान चालली होती. पण त्यांना एक गोष्ट खटकत होती. माँटेसरीची साधनं महाग. अशा शाळा शहरात आणि तिथेही पैसेवाल्यांच्या मुलांसाठीच. मग खेड्यातल्या मुलांचं काय? आदिवासी पाड्यावरच्या मुलांचं काय?

हे तपासून पाहायला त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्यांना सोबत हवी होती. त्याच वर्षी बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचं एक शिबिर झालं. तिथे ताराबाईंची आणि अनुताईंची भेट झाली. अनुताई तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. पुणं मागे ठेवून त्या बोर्डीला आल्या. मग १९९२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्यांचं आयुष्य याच भागाशी जोडलेलं राहिलं.

शाळा उघडली, पण मुलं कुठे?

बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आता ते पालघर जिल्ह्यात येतं. एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या आणि त्यांच्या पलीकडे वारली आदिवासींचे पाडे. आज आपण वारली चित्रं साडीवर, कपांवर आणि विमानतळाच्या भिंतींवर पाहतो. पण तेव्हा ही चित्रं काढणाऱ्या हातांची अवस्था फार वाईट होती. जमीनदार आणि सावकार वेठबिगार करून घेत. लग्नासाठी घेतलेलं कर्ज फेडायला माणूस आयुष्यभर राबत असे. याच १९४५ सालात गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभा केला होता.

अशा ठिकाणी ‘मुलांना बालवाडीत पाठवा’ म्हणणाऱ्या दोन बायका आल्या. लोकांना काय वाटलं असेल? ज्या घरात दोन वेळच्या भाताची खात्री नाही, तिथे तीन वर्षांच्या मुलाला शाळा कशाला?

गावात बालवाडी उघडली. पण ज्यांच्यासाठी खटपट चालली होती, ती मुलं काही तिकडे फिरकेनात.

अशा वेळी आपण सहसा काय म्हणतो? ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.’ ‘आईबाप अडाणी आहेत.’ ‘मुलांनाच आवड नाही.’ ही वाक्यं आजही आपल्या कानावर येतात.

ताराबाई आणि अनुताईंनी वेगळा प्रश्न विचारला. मूल शाळेत येत नसेल, तर आपल्या शाळेत कोणती अडचण आहे?

मूल येत नाही ना, मग शाळा मुलाकडे जाईल. खेळाचं सामान घ्यायचं, पाड्यावर जायचं आणि एखाद्या घरासमोरच्या अंगणात बसायचं. आधी मुलांना स्वच्छ करायचं. नखं, केस, आंघोळ. मग गाणी, गोष्टी, खेळ. आई कामावर जाता जाता थांबून बघायची, आजी ओट्यावरून बघायची. शाळा म्हणजे काय चालतं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचं.

गावात मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यावर अंगणातली बालवाडी, असे दोन प्रकार इथे तयार झाले. याच प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. आता लक्षात आलं ना, शाळेच्या नावात अंगण का आहे?

पाठीवर भाऊ, मागे गुरं

१९५६-५७ च्या सुमारास केंद्राचं काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. आता अवतीभवती पूर्ण आदिवासी वस्ती होती. इथे नवीन अडचणी समोर आल्या.

पहिली अडचण मोठ्या बहिणीची. आई-वडील मजुरीला जायचे आणि सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंडं द्यायचे. ती शाळेत येणार कशी? आली तर बाळाला कुठे ठेवणार? शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिणं सोपं होतं. कोसबादला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बाळ पाळण्यात, मधलं भावंडं बालवाडीत आणि ताई पहिलीच्या वर्गात. या प्रयोगाचं नाव विकासवाडी.

नोकरी करणाऱ्या आयांना यातलं शहाणपण लगेच कळेल. आज मोठमोठ्या कंपन्यांच्या आवारात पाळणाघर असतं, तेव्हा आपण ते आधुनिक समजतो. कोसबादला हीच गोष्ट मुलींच्या शाळेसाठी केली गेली होती, तीही इतक्या वर्षांपूर्वी.

दुसरी अडचण गुराख्यांची. मुलं गुरं घेऊन दिवसभर माळावर जायची. गुरं सोडून वर्गात बसली तर घरचं काम कोण करणार? मग शाळा माळावर गेली. गुरं चरत असायची आणि मुलं झाडाखाली बसून शिकायची. तिचं नाव कुरणशाळा. दिवसभर कामात अडकलेल्या मुलांसाठी रात्रीचे वर्गही चालवले गेले. रात्रशाळेत बसून मॅट्रिक झालेल्या अनुताईंना त्या वर्गांची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अंगणवाडी, विकासवाडी, कुरणशाळा. तीन नावं आहेत, पण मागचा विचार एकच. मुलाचं आयुष्य जसं आहे तसं आधी समजून घ्यायचं आणि मग त्यात बसेल अशी शाळा तयार करायची.

शिंपले, बिया आणि बांबू

आता प्रश्न उरला साधनांचा. माँटेसरी पद्धतीत मुलं वस्तू हाताळून शिकतात. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे हाताला कळतं, मग डोक्याला. पण परदेशी धाटणीचा लाकडी संच इथे परवडणार नव्हता.

मग आजूबाजूला जे होतं तेच कामाला आलं. किनाऱ्यावरचे शिंपले, नदीतले गोटे, रानातल्या बिया, पानं, फुलं, बांबूचे तुकडे, माती. मोजायला बिया, रंग ओळखायला फुलं, आकार ओळखायला पानं. ज्या गोष्टी मूल रोज हाताळतं, त्यांतूनच ते शिकू लागलं. वस्तू ओळखीच्या असल्यामुळे भीती कमी आणि खर्च जवळपास शून्य.

असं शिकवायला शिक्षिकाही तशाच हव्यात. म्हणून कोसबादला बालसेविकांचं प्रशिक्षण सुरू झालं. बालवाडी चालवायला मोठ्या पदव्या लागत नाहीत, पण लहान मुलांशी कसं बोलायचं, त्यांचं निरीक्षण कसं करायचं, एखादं मूल गप्प का आहे हे कसं ओळखायचं, हे शिकावंच लागतं, असं या दोघींचं काम आपल्याला सांगतं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. २८ वर्षांची सोबत संपली. अनुताई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. या वयात नोकरदार माणूस निवृत्त झालेला असतो. अनुताईंनी संस्थेची धुरा हातात घेतली आणि पुढची १९ वर्षं ती सांभाळली. पद्मश्री आणि जमनालाल बजाज पुरस्कारासारखे सन्मान त्यांना मिळाले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी आपले अनुभव ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहून ठेवलेत. मिळालं तर जरूर वाचा.

एका पाड्यावरून देशभर

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशातल्या ३३ प्रकल्पांपासून झाली. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि त्यांच्या आयांना पोषक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेआधीचं शिक्षण एकाच ठिकाणी मिळावं, ही कल्पना. त्या ठिकाणाचं नाव ठेवलं गेलं अंगणवाडी. बोर्डीच्या पाड्यावरचा शब्द देशभर पोहोचला.

पण इथे थोडं थांबूया.

शब्द पोहोचला, तसा मानही पोहोचला का? अंगणवाडीतल्या ताईंना सरकारी भाषेत आजही पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरणाची मदत, मोबाइलवर भरायची माहिती, सर्वेक्षण हे सगळं करून त्यांनी मुलांना शिकवायचंही असतं. निवृत्त झालेल्या अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

यात फक्त सरकारला दोष देऊन चालणार नाही. आपल्या घरातही हेच चालतं. दहावीच्या क्लासच्या सरांचं नाव आपण अभिमानाने सांगतो. कॉलेजच्या प्राध्यापकांना वाकून नमस्कार करतो. पण बालवाडीच्या बाईंबद्दल काय म्हणतो? ‘त्यांना काय, मुलांना खेळवायचं तर असतं!’

खरं तर मूल आईचा हात पहिल्यांदा सोडतं ते याच बाईंच्या भरवशावर. रडणाऱ्या मुलाला त्याच कडेवर घेतात. डबा उघडता येत नाही म्हणून कावरंबावरं झालेल्या मुलाला त्याच समजून घेतात. शाळा ही घाबरायची जागा आहे की हवीहवीशी जागा, हे मुलाच्या मनात त्या पहिल्या दिवसांत ठरतं. नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही २०२० मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाला शालेय शिक्षणाचा पाया मानलं. अनुताई आणि ताराबाई तर १९४५ पासून तोच पाया घालत होत्या.

आपण काय करू शकतो?

अनुताईंची आठवण फक्त वाचून संपवू नका. घरात लहान मूल असेल तर या काही गोष्टी करून बघा.

• महागडं शैक्षणिक खेळणं घ्यायच्या आधी एक टोपली ठेवा. त्यात चिंचोके, शिंपले, वाळलेली पानं, निरनिराळ्या आकाराचे दगड, बाटल्यांची झाकणं घाला. मुलाला वेगवेगळं करू द्या, मोजू द्या, रचू द्या. फक्त अगदी लहान मूल असेल तर जवळ बसा, बिया तोंडात जायला नकोत.

• मूल शाळेत जायला रडत असेल तर ‘हट्टी आहे’ म्हणायच्या आधी कारण शोधा. झोप झाली नाही का? बाथरूमला जायची भीती वाटते का? वर्गात कुणाची भाषा कळत नाही का? दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत हे शेवटचं कारण बऱ्याचदा असतं. घरी मराठी, शाळेत वेगळीच भाषा. शाळेतल्या बाईंना तसं मोकळेपणाने सांगा.

• तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचं किंवा सोसायटीच्या वॉचमनकाकांचं लहान मूल दिवसभर कुठे असतं, हे एकदा विचारा. जवळची अंगणवाडी त्यांना माहीत नसेल तर दाखवा. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहत असेल तर विकासवाडी आठवा आणि काही मार्ग निघतो का ते बघा.

• जवळच्या अंगणवाडीत एकदा जा. मुलांना एखादी गोष्ट सांगा. जुनी चित्रांची पुस्तकं द्या. आणि तिथल्या ताईंना आवर्जून ‘बाई’, ‘मॅडम’, ‘टीचर’, तुमच्याकडे शिक्षिकेला जे म्हणत असतील ते म्हणा.

तुमच्या पहिल्या बाई आठवतात?

आता डोळे मिटून एक मिनिट आठवा. तुमच्या बालवाडीच्या बाई कोण होत्या? कदाचित नाव आठवणार नाही. पण त्यांच्या साडीचा रंग आठवेल, हाताचा स्पर्श आठवेल, त्यांनी शिकवलेलं एखादं गाणं अजून पूर्ण पाठ असेल. त्यांना कधी ‘धन्यवाद’ म्हटल्याचं मात्र बहुतेक आठवणार नाही, कारण तेव्हा आपण चार वर्षांचे होतो.

त्या बाई अजून असतील तर या रविवारी फोन करा, जमलं तर भेटून या. आईला विचारा, जुन्या शेजाऱ्यांना विचारा, पत्ता लागेल. त्या नसतील तर तुमच्या मुलांना त्यांच्याबद्दल सांगा.

आणि पुढच्या वेळी रस्त्याने जाताना अंगणवाडीची पाटी दिसली, की सोबतच्या मुलाला विचारा, ‘याला अंगणवाडी का म्हणतात, माहीत आहे?’ मग त्याला सांगा, की फार पूर्वी एका गावात मुलं शाळेत येत नव्हती. तिथल्या बाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. त्या शाळा घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या.